सिंह होडी शिकतो

एका जंगलात, मुलांनो, एक तळं होतं. सिंहही होता. तो असतोच, म्हणून आधी तळ्याचं सांगितलं.

तळ्याच्या मधोमध एक बेट होतं. बेटावर चितळं राहत. खाऊन खाऊन गुबगुबीत झालेली. काठावरून सिंह त्यांच्याकडे बघायचा आणि जिभल्या चाटायचा. पोहून जावं तर आयाळ भिजणार, आणि आयाळ भिजली की राजा मांजरासारखा दिसतो. म्हणून त्याने शिडाची होडी शिकायचं ठरवलं.

होडी शिकवणारी जंगलात एकच होती. उदूताई नावाची पाणमांजर. तिच्या वर्गात तेव्हा एकटी घोरपड शिकत होती. सिंह आला आणि घोरपडीच्या पुढे बसला.

"पौर्णिमेला मी बेटावर पोचलो पाहिजे," तो म्हणाला. "नाही पोचलो तर तुला खाईन."

उदूताईची पंचाईत झाली. शिकवावं तर चितळं जातात, न शिकवावं तर आपण जातो. शेवटी तिने ठरवलं, मुद्दाम वाईट शिकवायचं आणि पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पळ काढायचा.

पण मास्तरकीची खोड फार वाईट, मुलांनो. पहिल्याच दिवशी सिंहाने सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला. होडी उजवीकडे वळली. सिंह होडीवर गुरगुरला. उदूताईला राहवलं नाही.

"अहो महाराज, ती तशीच वळते! दांडा डावीकडे, तर होडी उजवीकडे. आणि इतकं आवळू नका. सुकाणू आहे ते, हरणाची मान नाही!"

झालं. बाई मनापासून शिकवायला लागल्या.

खरी अडचण वाऱ्याची होती. वारा नेहमी बेटाकडून काठाकडे वाहायचा. समोरून वारा असला की शिडाची होडी सरळ जात नाही, नुसतं शीड फडफडतं. म्हणून आधी तिरपं डावीकडच्या काठावरल्या जांभळीच्या रोखाने जायचं. मग वळून तिरपं उजवीकडच्या काळ्या खडकाच्या रोखाने. पुन्हा वळून जांभळीकडे. असं नागमोडी जात बेट गाठायचं. घोरपडीला ते पटकन जमलं. तिला घाई नव्हती, आणि मोठेपणाही नव्हता.

सिंह मात्र वळेना.

"मी कुणासाठी वळल्याचं ऐकलंय कधी?" त्याने दिवाणजींना विचारलं. दिवाणजी म्हणजे अर्थात कोल्हा.

"छे छे, महाराज! वाऱ्यालाच वळायला सांगतो."

कोल्ह्याने टेकडीवर उभं राहून वाऱ्याला चांगलंच फैलावर घेतलं. वाऱ्याने त्याची पगडी उडवून नेली. बोडक्या डोक्याने परत येऊन कोल्हा म्हणाला, "कबूल झालाय, महाराज. पौर्णिमेपासून उलटा वाहील."

पौर्णिमेची सकाळ उजाडली. उदूताई पळून जायची ती राहूनच गेली होती. विद्यार्थ्याची परीक्षा टाकून कुठली बाई पळते? ती सिंहाशेजारी होडीत बसली. सिंहाने होडीचं नाक थेट बेटाकडे धरलं. शीड वाळत घातलेल्या धोतरासारखं फडफडू लागलं. होडी जागची हलेना.

काठावर कोल्ह्याला घाम फुटला. तो दबक्या आवाजात ओरडला, "मागे सरका रे सगळे! हात हलवत सरका!"

सगळे प्राणी हात हलवत उलटे चालू लागले. माकड खड्ड्यात पडलं. तेही खड्ड्यातून हात हलवत राहिलं.

सिंहाने मागे वळून पाहिलं. "बघा बाई, मंडळी कशी लांब राहिली!"

वाऱ्याने होडी हळूहळू मागे रेटली. तिची मागची बाजू निघाल्या काठाच्याच चिखलात रुतली. धप्प!

"पोचलो!" म्हणत सिंहाने उडी मारली. "काय बाई, पास की नाही?"

चुकीचं सुकाणू धरणाऱ्याला उदूताईने जन्मात कधी पास केलं नव्हतं. 'नापास' अगदी जिभेवर आलं. तेवढ्यात तिला बेटावर एक चितळी पाडसाला पाणी दाखवताना दिसली. तिने शब्द गिळला.

"पास, महाराज," ती म्हणाली, आणि तिला रडूच आलं.

इतक्यात कोल्हा हार घेऊन धावत आला. "महाराज बेटावर पोचले! अभिनंदन!"

सिंहाने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू कोण?"

"मी... मी आपला दिवाण, महाराज."

"माझा दिवाण तिकडे काठावर आहे. आत्ताच हात हलवत होता. आणि हे तर बेट. हो ना?"

कोल्ह्याने उदूताईकडे पाहिलं. उदूताई शीड गुंडाळत होती.

"हो, महाराज," कोल्हा म्हणाला. दुसरं काही म्हणायची त्याला सवयच नव्हती.

थोड्या वेळाने मिशा पुसत सिंह म्हणाला, "बेटावरचे कोल्हेसुद्धा चवदार आहेत हो."

त्या दिवसापासून सिंह बेटावर राहतो. चितळं आपल्याला भिऊन पलीकडच्या काठावर पळाली, असं तो सांगतो. कुणी त्याची चूक दुरुस्त करत नाही. घोरपड रोज नागमोडी जाते आणि संध्याकाळी परत येते. सिंह तिला विचारतो, "काय गं, तिकडे आमचे दिवाणजी बरे आहेत ना?"

"बरे आहेत, महाराज," घोरपड म्हणते. "हल्ली फारसं बोलत नाहीत."

तात्पर्य : राजा जागचा हलला नसला तरी तो पोचला असं खुशाल सांगावं. फक्त तो जिथे पोचला असेल, तिथे हार घेऊन जाऊ नये.