गळालेला गुरुवार

नौकानयनाचा पेपर गुरुवारी होता, आणि होकायंत्राने जाहीर केलं की गुरुवार येणारच नाही.

होकायंत्र हे त्या अभ्यासजहाजावरच्या एका विद्यार्थ्याचं टोपणनाव. जेवणघरातून आपल्या केबिनकडे निघालेला हा गडी हमखास इंजिनघरात पोचे, म्हणून पडलेलं. या विषयात तो आधीच एकदा आपटला होता. पुन्हा आपटलास तर पुढच्या बंदरावर बॅगेसकट उतर, असं नौकानयनाच्या बाईंनी बजावलं होतं. तिकडे आईने शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं, की मुलगा जहाज चालवतो.

"डुलकी, ऊठ! फलक वाचलास?" त्याने केबिनमधल्या सोबत्याला हलवलं.

कप्तान शब्दांचा भारी कंजूष. फलकावर त्याने एवढंच खरडलं होतं : 'वाररेषा. गुरुवारी बदल.'

"बदल म्हणजे?" डुलकीने एक डोळा उघडला.

"अरे, पश्चिमेकडे जाताना वाररेषा ओलांडली की एक अख्खा दिवस गळतो. बुधवारी झोपायचं, शुक्रवारी उठायचं! पेपर गेला समुद्रात. आणि गुरुवारी न्हाणीघरं घासायची माझी पाळी, तीही गेली!"

"आपण पश्चिमेलाच चाललोय ना?"

"मी स्वतः नकाशात बघितलंय."

हे वाक्य त्याने इतक्या ठामपणे म्हटलं, की संध्याकाळपर्यंत सगळा वर्ग पश्चिमेला चालू लागला. नौकानयनाची पुस्तकं टेबलटेनिसच्या डुगडुगत्या टेबलाखाली गेली. त्यांचा एवढा उपयोग पूर्वी कधी झाला नव्हता. बुधवारी रात्रीच्या जेवणानंतर होकायंत्राने टाळ्यांच्या गजरात कॅलेंडरची दोन पानं एकदम फाडली.

सकाळी बाई उत्तरपत्रिका घेऊन हजर.

"बाई, आज शुक्रवार!" वर्ग एका सुरात ओरडला.

"कोण म्हणतं?"

सगळी बोटं एका दिशेला वळली. बाईंनी वरात डेकवर नेली. जहाजाच्या नाकासमोर सूर्य नुकता वर येत होता. इतके दिवस तो तिथेच उगवत होता, पण ते बघायला उठतंय कोण?

"सूर्य कुठंय?"

"समोर."

"मग आपण कुठे चाललोय?"

होकायंत्राने सूर्याकडे पुन्हा एकदा बघितलं. "पू... पूर्वेला."

"नकाशा बघताना तू टेबलाच्या कुठल्या बाजूला उभा असतोस?"

"पलीकडच्या, बाई. बिस्किटांचा डबा तिकडे असतो."

म्हणजे पठ्ठ्याने सगळा महासागर उलटा वाचला होता. पेपर झाला. कोऱ्या उत्तरपत्रिका गोळा झाल्या. डुलकीच्या उत्तरपत्रिकेवर तेवढा गालाचा ठसा होता.

"बंदरावर तुला आम्हीच ढकलणार," वर्गाने एकमताने ठरवलं.

होकायंत्राने न्हाणीघरं घासली, मुकाट्याने बॅग भरली आणि निदान चुकलं कुठे ते कळावं म्हणून टेबलाखालचं पुस्तक ओढून काढलं. नकाशाच्या योग्य बाजूला, बिस्किटांविना बसला. वाचता वाचता ताडकन उठला आणि ओरडला, "पुस्तकं काढा रे! टेबल डुगडुगू दे!"

दुसऱ्या दिवशी नाश्त्यालाच त्याने बाईंना गाठलं. "बाई, वेळापत्रकात पेपर कधी आहे?"

"गुरुवारी. झाला की काल."

"आज कोणता वार?"

बाईंनी कप्तानाकडे पाहिलं. कप्तानाने चहाचा घोट घेतला. "गुरुवार," तो म्हणाला.

पूर्वेकडे जाताना वाररेषा ओलांडली की तोच वार पुन्हा येतो. हे बाईंनीच शिकवलं होतं, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना. हसू दाबत त्यांनी नव्याने पेपर दिला आणि पहिलाच प्रश्न घातला : आज पुन्हा गुरुवार का?

सगळे पास झाले. होकायंत्राची बॅग रिकामी झाली. वर्गाने त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं, छताच्या पाइपावर त्याचं डोकं दोनदा आपटलं, तरी तो हसतच होता. एवढ्यात बाईंनी त्याच्यापुढे बादली आणि ब्रश धरला.

"बाई, न्हाणीघरं काल घासली की!"

"काल कोणता वार होता?"

"गुरुवार."

"आणि आज?"

होकायंत्राने बादली घेतली आणि निमूट चालू लागला. थोड्या वेळाने इंजिनघरातून फोन आला : "इथे एक पोरगा बादली घेऊन आलाय. न्हाणीघर कुठंय म्हणून आम्हालाच विचारतोय!"