शेवडे काका आणि सगळे सम्राट

शेवडे काका फ्रीवेवर मर्ज होताना घाई करत नाहीत. मागून कितीही हॉर्न वाजू देत. कारण? व्हॅलेन्स.

व्हॅलेन्स म्हणजे एक रोमन सम्राट. गॉथ लोकांशी लढाई होती, पुतण्या मदतीला सैन्य घेऊन निघालाही होता, पण क्रेडिट त्याच्याबरोबर वाटून घ्यावं लागेल म्हणून हा एकटाच घुसला. "आणि मेला," काका इंडिकेटर चालू ठेवून सांगतात. "थोडं थांबला असता तर?" मागचा ट्रकवाला तोवर बोंबलून बोंबलून दमलेला असतो.

मी चँडलरला चिपच्या कंपनीत नवीन लागले तेव्हा माझ्याकडे गाडी नव्हती. काका त्याच ऑफिसात आणि आमच्या मागच्याच गल्लीत राहणारे, मग ठरलं कारपूल. मला वाटलं, जाता-येता मस्त झोप काढीन. कसली झोप यार! रोज एक सम्राट. तेही सगळे शेवटशेवटचे, साम्राज्य फुटायला आल्यावरचे. मी एकदा ज्युलियस सीझर काढला तर काकांनी नाकच मुरडलं. "तो काय, सगळ्यांनाच माहितीये. आणि तो सम्राट नव्हताच गं."

कुठलीही गोष्ट सांगा, काकांचा प्रश्न एकच. "सैन्य कुणाकडे आहे?"

ऑफिसात नवा डायरेक्टर आला. मी एक्साइट होऊन सांगायला गेले, तर काका म्हणाले, "टायटल सोड. टेस्टिंगवाले कुणाचं ऐकतात? सैन्य ज्याच्याकडे, तो सम्राट. बाकी सगळी भाषणं." आमच्या व्हीपीचं नाव त्यांनी होनोरियस ठेवलंय. होनोरियसला म्हणे कुणीतरी येऊन सांगितलं, रोम गेलं! हा दचकला, "अरे, आत्ता तर माझ्या हातून दाणे खाल्ले!" त्याच्या कोंबड्याचं नाव रोम होतं. नुसतं शहर गेलंय हे कळल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला.

मंडळाच्या गणपतीत तर काकांनी कमालच केली. डायोक्लेशियनने राज्य चौघांत वाटलं होतं, म्हणून यांनी कमिटीला तीच आयडिया पटवली. दोन अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, भांडणं बंद! चौघांनीही एकमेकांना न विचारता मोदकांची ऑर्डर दिली. आख्खं चँडलर आठवडाभर डब्यात मोदक नेत होतं.

"काका, हे काय झालं?"

"त्याचंही असंच फिसकटलं."

"मग सुचवलंत कशाला?"

"म्हटलं, बघू या."

घरात मात्र एसीचं बटण काकूंच्या ताब्यात. काका त्याच्या जवळपास जरी गेले तरी काकू स्वयंपाकघरातून ओरडतात, "ओ सम्राट! बसा खाली."

काकूंनीच मला खरं काय ते सांगितलं. त्यांचा मुलगा सोहम, इथेच जन्मलेला. कॉलेजात कॉम्प्युटर सोडून हिस्ट्रीला गेला, आता ईस्ट कोस्टला पीएचडी करतोय. विषय, शेवटशेवटचं रोम. काका तेव्हा त्याला म्हणाले होते, "मेलेल्या राजांच्या जिवावर पोट भरणार आहेस का?" तेव्हापासून फोनवर एवढंच बोलणं, "हाय बाबा, आईला दे."

"यंदाच यांनी हे सगळं वाचायला घेतलं," काकू म्हणाल्या. "थँक्सगिव्हिंगला येतोय ना तो. त्याच्याशी बोलायला काहीतरी हवं म्हणून."

मला एकदम सगळं क्लिक झालं. सोहम यायच्या आधीचा महिनाभर काका मला गाडीत प्रश्न विचारायला लावायचे, व्हायवा असल्यासारखे. "विचार, विचार. कॉन्स्टँटाइनच्या पोरांपासून विचार." कोणी कुणाला मारलं, कुठल्या सैन्याने कुणाला गादीवर बसवलं, सगळं घडाघडा. एखादा सम्राट चुकला की स्टिअरिंगवर हात मारायचे.

थँक्सगिव्हिंगला त्यांनी मलाही जेवायला बोलावलं. सोहम शांत मुलगा, दाढीवाला, पुरणपोळीला क्रॅनबेरी सॉस लावून खाणारा. काकांनी घसा खाकरला. "सो, सोहम. ज्युलियन पर्शियावर चालून गेला, ते पॉलिटिकल प्रेशर होतं, की..."

"बाबा, आय डोंट रिअली डू एम्परर्स."

"म्हणजे?"

"आय डू पॉट्स. फुटलेली मडकी. साधे लोक काय खायचे, कुठून आणायचे. एम्परर्स आर नॉट माय थिंग."

मी ताटात बघायला लागले. इतक्या महिन्यांचा अभ्यास, आणि पेपर आउट ऑफ सिलॅबस! मला वाटलं, आता काका "सैन्य कुणाकडे" सुरू करणार, नाहीतर नोकरीचं काढणार. त्यांनी पाण्याचा ग्लास हातात घेऊन फिरवून बघितला.

मग म्हणाले, "मातीचं मडकं झिरपतं. त्यात ते वाइन कशी नेत होते?"

सोहमने मान वर केली. "आतून पाइनचा चीक लावायचे. यू रिअली वॉन्ट टू नो?"

"हो. मला यातलं काहीच येत नाही. पहिल्यापासून सांग."

सोहमने त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं. मग आमटीची वाटी ओढून टेबलच्या मधोमध ठेवली. "ओके. समज, हे जहाज."

काकू वाट्या आवरायला उठल्या. काकांनी न बघताच त्यांचा हात धरला.

"थांब गं. तो सांगतोय."