प्रेताच्या गालाची चोरी

मी यज्ञेश, खाजगी गुप्तहेर. तीक्ष्ण नजर, थंड डोकं आणि ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेट. बदलापूरचे गुन्हेगार मला टरकून असतात, कारण आजवर एकही माझ्यासमोर आलेला नाही. अभिनयातही मला गती आहे. माझी धाकटी बहीण तेजल ज्या एकांकिकेचा मेकअप करते, तिच्यात प्रेताचं काम मलाच मिळालं.

तेजलचं हे पहिलंच काम. "जखम खोटी वाटली तर पुढच्या वेळी दुसरा मेकअपमन," असं दिग्दर्शक गंधारने तिला बजावलं होतं. म्हणून तिने माझ्या गालाच्या मापाने काचेवर लॅटेक्सच्या पातळ रबराचे आणि टिश्यू पेपरचे थर देत, रंगवत, झकास जखम बनवली. एकांकिका स्पर्धेच्या दिवशी सकाळी काच जागेवर, जखम गायब.

"दादा, प्लीज तू शोधू नकोस," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. मी केस हातात घेतली.

आईने पुढ्यात ठेवलेलं थालीपीठ आणि लोणचं खात मी पाहणी केली. जखम चिकटू नये म्हणून लावलेली पावडर टेबलापासून स्वयंपाकघरापर्यंत सांडली होती. आता चोर स्वयंपाकघरात कशाला जाईल? म्हणजे तो तिथून उलटा चालत आला होता. पाय घसरू नये म्हणून मी पुरावा पुसून टाकला.

पहिला संशय मांजरावर. आमच्याकडे मांजर नाही, त्यामुळे ते बाहेरचं असणार. दुसरा संशय कीर्तीवर. तिचं उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये नाटकाच्या कपड्यांचं दुकान, आणि स्पर्धेतल्या दुसऱ्या ग्रुपचा मेकअपही तीच करते. मी तडक तिथे पोचलो. दुकानासमोर वेल्डिंगवाला कैलास उभा होता. त्याच्या भुवईवर हुबेहूब आमची जखम होती. मुद्देमाल समोर दिसताच मी तो ओढला.

"ए भाय, टाके आहेत ते," कैलास म्हणाला, आणि माझ्या कानाखाली वाजवली. कीर्तीने बिचारीने बर्फ आणून दिला.

घरी येऊन मी आंतरराष्ट्रीय टोळीची शक्यता समजावत होतो, तेवढ्यात आई म्हणाली, "ते रबर शोधताय होय? लोणच्याच्या बरणीचं झाकण घट्ट बसलं होतं. त्याने धरून फिरवलं, निघालं झटक्यात."

स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये गॅसच्या लायटरशेजारी जखम होती. दोन तुकडे, वर मोहरीची डाळ. तेजलने ते तुकडे जुळवून पाहिले. मला मनापासून लाज वाटली. ते लोणचं मी दोनदा मागून घेतलं होतं.

मग तिचं लक्ष माझ्या टम्म गालाकडे गेलं.

"दादा, हलू नकोस," ती म्हणाली, आणि तुकडे पुसून तिने त्या सुजेवरच चिकटवले.

संध्याकाळी अंबरनाथला पडदा पडला, तसे परीक्षक थेट स्टेजवर आले. अजून मी आडवाच होतो. ते वाकले.

"जखम ठीकठाक आहे," ते गंधारला म्हणाले, "पण सूज बघा. काय हात आहे पोरीचा." आणि त्यांनी अंगठ्याने माझा गाल कचकन दाबला.

तेजल विंगेतून श्वास रोखून माझ्याकडे बघत होती. मी मेलेलाच राहिलो.