किसणी बेटाची मुक्तता

एखादं बेट मुक्त करायचं तर त्यावर शत्रू असावा लागतो, ही युद्धशास्त्रातली अगदी पहिली अट आहे. (बेटही असावं लागतं, पण प्रशांत महासागरात बेटांची टंचाई कधी पडल्याचं ऐकिवात नाही.) शत्रू नसताना बेट मुक्त करणं म्हणजे मूल नसताना बारसं करण्यासारखं आहे. हे दोस्त सैन्याच्या मुख्य ठाण्याला पूर्णपणे मान्य होतं. म्हणूनच सॉलोमन द्वीपसमूहातल्या सावेरोकी नावाच्या बेटावर उतरण्यापूर्वी तिथे शत्रू किती आहे, याची अत्यंत काटेकोर मोजदाद करण्यात आली.

मोजदाद सुरू करण्याआधी बेटाला गुप्त नाव देणं आवश्यक होतं. नावं वाटणारा अधिकारी त्या महिन्यात स्वयंपाकघरातल्या वस्तूंवर आला होता. 'कढई' आणि 'उलथणं' ही नावं आधीच दोन बेटांना जाऊन चुकली होती, त्यामुळे या बेटाच्या वाट्याला 'किसणी' आलं. नाव सुटसुटीत होतं, तारेत कमी जागा घेत होतं, शिवाय त्यातून शत्रूला काहीही कळण्यासारखं नव्हतं. आपणही सोयीसाठी यापुढे किसणीच म्हणू. वाचकांची हरकत नसावी.

शत्रू मोजायचा कसा? शत्रू काही रांगेत उभा राहून हजेरी देत नाही. झाडीत लपतो, खंदकात बसतो. पण माणूस कितीही शूर असला, कितीही लपला, तरी सकाळी एका जागी त्याला जावंच लागतं. या सनातन सत्यावर ठाण्याने आपलं गणित उभारलं होतं. विमानातून फोटो काढायचे, किनाऱ्यालगत पाण्यावर बांधलेले संडास मोजायचे, आणि त्या आकड्याला एकतीसने गुणायचं. (एकतीस का, हे विचारणारा अधिकारी दुसऱ्या विभागात बदलून गेला.) किसणीच्या फोटोत संडास निघाले सव्वीस. सव्वीस गुणिले एकतीस, आठशे सहा. नंतर कित्येकांनी ही आकडेमोड तपासली. गुणाकारात चूक नव्हती.

चूक कुठेच नव्हती. फक्त ते संडास शत्रूचे नव्हते. ते गावाचे होते, आणि गावचा मुखिया बोआझ पितावोका याला त्यांचा फार अभिमान होता. युद्धापूर्वी दरसाल एक आरोग्य साहेब छत्री घेऊन होडीतून यायचे. घरटी एक संडास हवा, तो पाण्यावर हवा, खांब सरळ हवेत, असा त्यांचा हुकूम. गावाने हुकूम तंतोतंत पाळला. सव्वीस घरांचे सव्वीस संडास, वर ताडपत्रांची छपरं, जायला फळ्यांचे पूल. ते वापरायचे असतात असं हुकुमात कुठे म्हटलं नसल्यामुळे गाव पूर्वीसारखंच पलीकडच्या खडकांवर जात राहिलं. परिणामी संडास कमालीचे स्वच्छ राहिले. 'किनारपट्टीतील सर्वोत्तम' असं प्रशस्तिपत्र गावाला तीनदा मिळालं. (चौथ्यांदा एका संडासात कोंबडी अंड्यांवर बसलेली सापडल्याने हुकलं.) तिन्ही प्रशस्तिपत्रं बोआझच्या घरात, येणाऱ्याच्या डोळ्यांत भरतील अशी टांगलेली होती.

जपानी खरोखर आले होते, हे मान्य केलं पाहिजे. त्रेचाळीस जण आले, सहा महिने राहिले, एकोणीस डुकरं खाल्ली, तेलाच्या पिंपाखाली जाळ घालून त्यात गळ्यापर्यंत बसून आंघोळी केल्या, आणि एका सकाळी होड्यांत बसून निघून गेले.

"निरोपसुद्धा न घेता गेले रे," बोआझची थोरली बहीण दोर्का म्हणाली. "चांगल्या घरची माणसं नव्हेत ती. वर माझी खोबरं खरवडायची शिंपलीपण घेऊन गेले."

दोर्काचं जग दोनच भागांत विभागलेलं होतं: पाहुणे आणि घरचे. पाहुणा समुद्रावरून येतो, आणि तो वाळूवर पाय ठेवायच्या आत चुलीचे दगड तापलेले असावे लागतात. अळकुड्या ठेचायच्या, नारळाच्या दुधात कालवायच्या, केळीच्या पानांत बांधून तापल्या दगडांखाली पुरायच्या. थंड चुलीने पाहुण्याचं स्वागत केलं असं तिच्या घराण्यात कधी घडलेलं नव्हतं. जपान्यांनाही पहिल्या दिवशी तिने जेवू घातलंच होतं. त्रेचाळीस जणांचं रांधून वर हात जोडून उभी होती बाई.

जपानी गेले हे दोस्तांना कळवावं म्हणून बोआझ दोन दिवस होडी वल्हवत मुख्य ठाण्यावर गेला. सोबत अळकुड्या आणि एक कोंबडा नेला. रिकाम्या हाताने कसं जायचं? ठाण्यावर लेफ्टनंट विंकूप नावाचा सज्जन अमेरिकन अधिकारी होता. त्याने बोआझला खुर्ची दिली, सिगारेट दिली, डबाबंद पीच दिले आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमच्या बेटावर एकही जपानी नाही?"

"एकही नाही, साहेब. एक पिंप आहे."

"उत्तम!" विंकूप म्हणाला, आणि त्याने कारकून ऑस्टरमनला लिहून घ्यायला सांगितलं. ऑस्टरमनचं अक्षर मोत्यासारखं होतं. बोआझने सांगितलेलं बेटाचं नाव त्याने विचारून विचारून बिनचूक लिहिलं. खाली लिहिलं: 'शत्रू नाही. कारवाईची गरज नाही.' शिक्का मारला, एक प्रत बोआझला दिली, आणि दुसरी त्या नावाच्या फायलीत ठेवून फाईल कपाटात लावली. दप्तराच्या कामात याहून चोख काम होत नाही. किसणीची फाईल अर्थात दुसऱ्या कपाटात होती, कारण ती गुप्त होती.

निघता निघता बोआझची नजर टेबलावरच्या एका फोटोवर गेली. सव्वीस संडास. त्याने ते लगेच ओळखले. आपली पोरं कुणाला ओळखू येत नाहीत?

"साहेब, हे माझं गाव!"

ऑस्टरमनने चपळाईने फोटोवर टोपी ठेवली.

"हे तुमचं गाव नाही," विंकूप म्हणाला. "ही दुसरी जागा आहे. तिचं नाव मी तुम्हाला सांगू शकत नाही."

"अहो, पण ते संडास—"

"त्या संडासांवर आठशे सहा जपानी आहेत, एवढंच सांगतो. आणि तेही सांगायला नको होतं." मग माणुसकी म्हणून त्याने विचारलं, "तुमच्या बेटावर कारवाईची गरज नाही असा कागद मिळालाय ना? मग तुम्ही कशाला काळजी करता?"

बोआझ अडाणी होता, पण मूर्ख नव्हता. दोन दिवस परतीचं वल्हवताना त्याने सगळा हिशेब लावला. कागदावर बेट वाचलेलं होतं आणि फोटोत मरणार होतं. फोटो कशामुळे घात करतोय तेही त्याला कळलं होतं. गावात पोचल्याबरोबर त्याने सगळ्यांना गोळा केलं आणि जड मनाने सांगितलं की संडास पाडायचे.

"सगळे?" दोर्काने विचारलं.

"सगळे, ताई."

"आणि आरोग्य साहेब आले म्हणजे?"

"तेव्हा पुन्हा बांधू."

"तीन कागद टांगून ठेवलेस ना घरात? ते पण उतरव मग. उगीच कशाला मिरवायचं!"

दोन दिवसांत सव्वीसही संडास जमीनदोस्त झाले. पाण्यात नुसते खांब उरले. बोआझने स्वतःच्या हातांनी शेवटचं छप्पर उतरवलं आणि तो थोडा वेळ किनाऱ्यावर बसून राहिला. त्याला रडू आलं, यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

तिसऱ्या दिवशी विमान आलं आणि नवे फोटो काढून गेलं. मुख्य ठाण्यात खळबळ उडाली. शून्य गुणिले एकतीस म्हणजे शून्य, असं ऑस्टरमनने म्हणून पाहिलं. पण तो पडला कारकून. अनुभवी अधिकाऱ्यांनी फोटोंचा सखोल अभ्यास करून निष्कर्ष काढला की ज्या फौजेने आपल्या हातांनी आपले संडास मोडले, तिला माघार घ्यायची नाही. अशी फौज शेवटच्या माणसापर्यंत लढते. परतीचे दोर कापणं म्हणतात ते हेच. पूर्वीच्या योजनेत एक दिवस तोफांचा मारा होता: चौदाशे गोळे, म्हणजे दर शत्रूमागे पावणेदोन. आता तीन दिवस आणि बेचाळीसशे गोळे ठरले, म्हणजे दर शत्रूमागे जवळजवळ सव्वापाच. युद्धात एका शत्रूकडे इतकं व्यक्तिगत लक्ष क्वचितच दिलं जातं.

क्षितिजावर जहाजं दिसली तशी बोआझने सगळं गाव डोंगरातल्या गुहेत नेलं. तिथून खाली सगळं दिसत होतं. पहिल्या दिवशी गावचं चर्च गेलं. (रविवार असल्यामुळे मारा उपासना आटोपल्यावर सुरू झाला, जहाजांवरची उपासना.) दुसऱ्या दिवशी होड्यांचं घर, अळकुड्यांचे वाफे आणि नारळाची बाग गेली. बोआझचं घरही गेलं, प्रशस्तिपत्रांसकट. जपान्यांचं पिंप मात्र शेवटपर्यंत उभं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तोफा थांबल्या. फोटो काढण्यासाठी चाळीस मिनिटं थांबायचं, असं योजनेत होतं. डोंगरातल्या माणसांना योजना ठाऊक नव्हती. त्यांना एवढंच दिसलं की आवाज थांबला आणि होड्या पाण्यात उतरायला लागल्या.

दोर्का उठली. गुहेत आणलेल्या अळकुड्यांची टोपली तिने डोक्यावर घेतली.

"ताई, कुठे?"

"अरे, पाहुणे निघाले बघ. चूल थंडगार पडलीय तीन दिवस."

"ताई, अजून संपलं नसेल त्यांचं. थांब जरा."

"थांबू? आणि ते उतरल्यावर काय दाखवू त्यांना, तुझे मोडके संडास?" ती म्हणाली. "तीन दिवस राबताहेत बिचारे. भुकेले असतील. आणि तुझ्याकडे तो शिक्क्याचा कागद आहे ना? आपल्यावर कोण गोळा टाकेल? इकडे दे तो, माझ्या कमरेला असू दे."

बोआझने कागद दिला. सोबत जायला उठला, तर तिने त्याला दटावून पोराबाळांजवळ बसवलं. थोरल्या बहिणीपुढे मुखियाचंही काही चालत नाही. ती गेली, चूल पेटवली, दगड तापवले, पानांत बांधलेले गोळे दगडांखाली पुरले. मग तिथेच वाट बघत बसली.

विमानातल्या निरीक्षकाला धूर दिसला. धूर म्हणजे शत्रू जिवंत आहे, आणि नुसता जिवंत नाही तर स्वस्थपणे स्वयंपाक करतोय. फोटो काढायची चाळीस मिनिटं पुरी व्हायला अजून बारा मिनिटं होती. नियमाला अपवाद करून अकरा गोळे टाकण्यात आले. दुसरा बरोबर बसला.

त्यानंतर दोन हजार नऊशे सैनिक किसणीवर उतरले. आपल्या बाजूचे जखमी तीन: एकाचा पाय पोवळ्याने कापला, एकाला ऊन लागलं, आणि एकाची होडी पाण्यात उरलेल्या एका सरळ खांबावर आपटली. शत्रू ठार: एक. (प्रत्यक्ष पाहिलेला. ओळख पटण्याजोगी स्थिती नाही.) उरलेले आठशे पाच घाईघाईने पळाले असावेत, कारण दगडांखालचं अन्न अजून गरम होतं. सैनिकांनी ते खाल्लं. चव चांगली होती, असं अहवालाच्या चौथ्या पानावर आहे.

बोआझ डोंगरावरून धावत खाली आला तेव्हा ते चुलीभोवती बसून बोटं चाटत होते. एकाने त्याला सिगारेट पुढे केली. त्याने घेतली नाही. कुठल्याही पाहुण्याच्या हातून काही नाकारण्याची त्याची ती पहिलीच वेळ होती.

पुढे किनाऱ्यावर दगडी स्तंभ उभारला. 'किसणीच्या लढाईच्या स्मरणार्थ', एवढंच त्यावर कोरलं आहे. दरसाल तिथे पाहुणे येतात, बिगुल वाजतो. बोआझ मरेपर्यंत दरसाल मुख्य कचेरीत अर्ज देत राहिला. अर्जात दोनच मागण्या होत्या: ठार झालेल्या शत्रूंतून एक वजा करावा, आणि दगडावर बेटाचं नाव घालावं. उत्तरही दरसाल यायचं, अत्यंत सौजन्यपूर्ण. कळवलेल्या नावाची फाईल कपाटातून काढून पाहिली असता त्या बेटावर कधीही कोणतीही कारवाई झालेली नाही, सबब तिथे कुणी मरण्याचा प्रश्न उद्भवत नाही. किसणीबद्दल काही तक्रार असल्यास किसणीच्या रहिवाशांनी अर्ज करावा.

कुणालाही राग येईल असंच हे आहे. तुम्हालाही आला असेल, आला पाहिजे. तर वाचकहो, आपल्या सर्वांच्या वतीने त्या कचेरीला एक खरमरीत पत्र लिहून टाका. दोर्काचं नाव तुमच्या ध्यानात आहेच. किसणी लिहू नका, त्याचा उपयोग होत नाही. बेटाचं खरं नाव लिहा. ते अगदी सुरुवातीलाच एकदा सांगितलं होतं, आणि पुढे सोयीसाठी किसणी म्हणू म्हटलं तेव्हा तुम्ही हरकत घेतली नव्हती.

मागे जाऊन बघावं लागेल, नाही का?