दुप्पट स्वच्छतेचा ठराव

“संडास धुतल्यावर अर्धा तास कुणाला आत पाऊल टाकता येत नसेल, तर त्याला स्वच्छ म्हणायचं की बंद?”

इमारतीच्या सभेत हे विचारायची तिच्यात धमक नाही, यावर मैत्रिणींचं एकमत होतं. म्हणून तिने ते चक्क माइक हातात घेऊन विचारलं. अध्यक्षस्थानी तिचेच बाबा होते. त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

“हा प्रश्न विषयपत्रिकेवर नाही,” सेक्रेटरीकाका म्हणाले, आणि त्यांनी आधीचा ठराव खणखणीत वाचला. तळमजल्यावरचा संडास ब्लीचने स्वच्छ होतो, ॲसिडनेही होतो. सबब स्वच्छ इमारत स्पर्धेसाठी दोन्ही एकाच बादलीत मिसळावीत, म्हणजे स्वच्छता दुप्पट होईल. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला होता. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी बादली कुणीच उचलणार नव्हतं. ती सफाईवाल्या मावशी उचलायच्या.

“पण मावशी सारख्या खोकतात!”

“तो दुष्परिणाम नव्हे, बाळ. मिश्रण काम करतंय याचा पुरावा आहे,” सेक्रेटरीकाका म्हणाले.

“पुरावा जिन्यात फार ऐकू येतो हो,” दुसऱ्या मजल्यावरच्या काकू कुरकुरल्या. समितीने तत्परतेने दखल घेतली: मावशींनी यापुढे दार लावून धुवावं.

दुसऱ्या दिवशी मावशींनी दार लावलं आणि त्या आतच कोसळल्या. तिने वॉचमनकाकांना हाक मारली, दोघांनी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर कडाडल्या, “ब्लीचमध्ये ॲसिड? त्यातून क्लोरीन वायू सुटतो! श्वासनळ्या आतून भाजल्यात यांच्या. पुन्हा हे हुंगलं तर फुफ्फुसं कायमची जातील.”

तिने घरी येऊन शब्द न् शब्द सांगितला.

“म्हणजे मिश्रण जोरदार आहे,” बाबा पुटपुटले. “सोमवारी परीक्षक येतायत. तोवर उभ्या राहतील ना त्या?”

“नाहीतर दुसरी बाई बघू,” आई म्हणाली.

“आपणच धुऊया की! त्याच बादलीने,” ती म्हणाली.

“वेड लागलंय का तुला? त्या वासाने आपल्याला काही झालं म्हणजे?”

आई बोलून गेली. मग एकदम पदराशी चाळा करू लागली.

“म्हणजे माहीत होतं तुम्हाला,” ती म्हणाली. “मग ऐका, मी ठरवलंय. दुसरी बाई येणार नाही. सोमवारी बाबा आणि मी धुणार, नुसत्या साबणाने. आणि इमारतीत ज्याला त्याहून स्वच्छ हवं असेल, त्याने स्वतः आत जाऊन श्वास घ्यायचा.”