गोदामवाल्यांसाठी स्थळ

"मुलगा विलायतेचा. मँचेस्टरकडचा. घरात चौघं, चौघंही उदास. रंग काळा, म्हंजे कपड्याचा. शिक्षन अर्धवट. कोनाशी भांडन नाई, पन हसतही नाई. अपेक्षा, काही नाई. आता सांगा मास्तर, याले पोरगी कोन देईन?"

रविवारी सकाळी आठ वाजता मोतीरामकाका आमच्या ओट्यावर चढले आणि बसायच्या आधीच त्यांनी हे वाचून दाखवलं. हातात लांबट वही, चष्मा दोरीने गळ्यात. मी तोंडात ब्रश धरून उभा. मेहकरात काकांच्या वहीत नाव चढलं की वर्षभरात अक्षता पडतात, त्यामुळे त्यांच्या वहीकडे सगळे आदराने बघतात. पण हा मुलगा म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीचा एक इंग्रजी बँड होता, आणि काका त्याच्यासाठी अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांच्या गाण्यांमधून स्थळ शोधत होते.

जरा खुलासा करतो. या इंग्रजी प्रकाराला पोस्ट-पंक म्हणतात. गिरण्या बंद पडलेल्या गावातली चार पोरं, ढोल एकाच चालीत, आणि गाणारा भिंतीशी बोलल्यासारखा पुटपुटणारा. ज्यांनी हे संगीत ऐकलेलं नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. बुलढाणा जिल्ह्यात ते ऐकणारा मी एकटाच, अशी माझी समजूत होती आणि त्या समजुतीवर मी वीस वर्षं सुखाने दुःखी होतो.

पुण्याला शिकायला गेलो तेव्हा हे दुखणं लागलं. परत येऊन इथल्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागलो, तरी काळा शर्ट सुटला नाही. मे महिन्यात मेहकरात काळा शर्ट घालून फिरणारा माणूस एक तर वकील असतो किंवा मूर्ख, आणि मी वकील नव्हतो. पोरांनी माझं नाव 'डांबर' ठेवलं. मी इंटरनेटवर या संगीताविषयी मराठीत ब्लॉगही लिहितो. त्याला चार वाचक आहेत, त्यातला एक मी.

मोतीरामकाका आमचे शेजारी. मेहकर–मलकापूर बसवर तीस वर्षं कंडक्टर होते. कोणत्या थांब्यावर कोणाची मुलगी कॉलेजला चढते, कोणाचा मुलगा उतरताना म्हाताऱ्यांच्या पिशव्या खाली देतो, हे सगळं त्यांच्या ध्यानात राहायचं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी अर्ध्या रस्त्याची लग्नं लावून दिली होती. माझंही त्यांनीच जुळवलं. माझी बायको वर्षा वडनेर भोलजीची. तिच्या घरी काकांनी माझी जी माहिती दिली त्यात 'स्वभाव गंभीर' असं लिहिलं होतं. लग्नानंतर आठवड्याभरात वर्षाने त्यांना गाठून विचारलं, "काका, गंभीर म्हणजे नेमकं काय होतं?" काका म्हणाले, "पोरी, चांगल्या शब्दात तेवढंच बसत होतं."

तर असा हा माणूस माझ्या प्रांतात घुसला होता. बँडांची नावं त्यांच्या जिभेला वळत नसत, म्हणून त्यांनी स्वतःच आडनावं पाडली होती. ज्यांचं गाणं मोठ्या रिकाम्या जागेत घुमल्यासारखं वाटतं ते 'गोदामवाले'. जे स्टेजवर धूर सोडतात ते 'धूरवाले'. ज्याचा आवाज खोलातून येतो तो 'विहीरवाला'. अमेरिकेच्या बाजूलाही अशीच मंडळी होती. एक 'ट्रकवाला', ज्याच्या प्रत्येक गाण्यात बायको निघून जाते आणि कुत्रं मागे राहतं. एक 'मकाबाई', जी मक्याच्या शेताच्या कडेला उभी राहून कोणाची तरी वाट बघते.

"काका, या दोन्हींचा काही संबंध नाही," मी चूळ भरून म्हणालो. "हे शहरातल्या आधुनिक माणसाचं एकटेपण आहे. ते दुसरं म्हणजे गावाकडचं भाबडं गाणं."

"हे तुमाले कोनं सांगतलं?"

"वाचलंय मी."

"ऐकलं का?"

खरं सांगायचं तर ऐकलं नव्हतं. या अमेरिकन गाण्यांना कंट्री म्युझिक म्हणतात, आणि ते ऐकणं मला कमीपणाचं वाटायचं. काकांनी फोन ओट्यावर ठेवला, आधी गोदामवाले लावले आणि त्यांच्यामागोमाग ट्रकवाला. मी डोळे मिटून, मान हलवून, ऐकण्याचं जाणकार सोंग केलं. स्वयंपाकघरातून वर्षाचा आवाज आला, "अहो, दुसरं छान आहे. पहिल्याच्या घरात कोणी आजारी आहे का?"

"पाह्यलं?" काका खूश झाले. "आता गुन पाहू. दोघायच्या गान्यात कोनीतरी गाडी पकडून जाते. दोघंही मांगं राह्यलेले. दोघंही देवाले इचारतात आन देव काही बोलत नाई. छत्तीसपैकी एकोनतीस जुळतात, मास्तर. तुमच्या दोघायचे अठराच होते."

वर्षाच्या लाटण्याचा आवाज थांबला. मी विषय बदलला.

त्यानंतर दर रविवारी काका येऊ लागले. धूरवाल्यांना त्यांनी एका दारुड्या फिडलवाल्याच्या घरी दिलं. विहीरवाल्याला मंगळ निघाला, त्याचं तीनदा मोडलं. चिडचिड करत मीही घरी गुपचूप ऐकून बघायचो आणि दर वेळी म्हातारा बरोबर निघायचा. शेवटी मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. काकांच्या जोड्या मी माझ्या ब्लॉगवर माझ्या नावाने टाकल्या. 'एक तुलनात्मक अभ्यास' असं वर लिहिलं. वाचक चारचे नऊ झाले. एकाने मला 'द्रष्टा' म्हटलं. आठवडाभर मी शर्टाची कॉलर वर करून फिरलो.

एका रविवारी काका आत चहा घ्यायला गेले तेव्हा मी त्यांचा फोन चाळला. पुढच्या जोड्या आधीच बघून ठेवाव्यात, असा चोरटा हेतू. गाण्यांच्या ॲपवर वरच्या कोपऱ्यात नाव होतं: सोनल.

सोनल ही काकांची एकुलती एक मुलगी. काकू गेल्यावर त्यांनी एकट्याने वाढवली. माझी विद्यार्थिनी, हुशार, आता पुण्याला नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी काकांनी तिच्यासाठी देऊळघाटचं स्थळ परस्पर पक्कं केलं. साखरपुड्याची तारीख तिला मावशीच्या फोनवरून कळली. ती त्या दिवशी घरातून निघाली ती परत आली नाही, आणि बापलेकीचं बोलणं बंद झालं. मेहकरभर इतरांच्या मुलींना 'पोरी, तुले पसंत हाय ना?' असं तीनतीनदा विचारणारा माणूस स्वतःच्या मुलीला विचारायला विसरला, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यांच्यासमोर कोणी बोलत नव्हतं.

काका बाहेर आले. त्यांनी माझ्या हातातला फोन पाहिला. रागावले नाहीत.

"जुनं खातं हाय तिचं. नवा फोन घेतला तवा हा मले देल्ला होता, त्यात राहून गेलं. पोरगी तिकडं जे ऐकते, ते मले इकडं दिसते," ते म्हणाले. "ज्या दिवशी गोदामवाले लावते, त्या दिवशी पोरीचं काहीतरी बिनसेल असते. धूरवाले असले तर ठीक असते, नुसती थकेल असते."

"मग ही स्थळं?"

"मले तिचं गानं समजे ना. अंगावर येये. मंग मी माह्या समजुतीचं गानं धुंडलं, त्याच दुखन्याचं. रडनं एकच हाय, मास्तर. गोदामवाले भिताडाकडं तोंड करून रडतात. ट्रकवाला ओट्यावर बसून रडते. ओट्यावर रडलं की येनारं-जानारं इचारते तरी, काऊन बे, काय झालं? म्हनून मी तिच्या खात्यात यादी बनवतो. आधी तिचं गानं, त्याच्या मांगं माहं. वर लिहितो, 'स्थळ क्रमांक एक', 'स्थळ क्रमांक दोन'. एकतीस झाले."

"ती ऐकते?"

"मालूम नाई. पन यादीतलं काही पुसून टाकत नाई. रोज सकाळी उठलो की पयले तेच पाह्यतो, पुसलं का म्हनून. अजून एकही पुसलं नाई."

मी फोन त्यांच्या हातात परत दिला. शेवटी विचारलं, "पण काका, माझ्याकडे का आलात? मला यातलं बरंच कळतं म्हणून ना?"

"छे हो! अकरावीत तिले पेन ड्राइव्ह कोनं देल्ली होती?"

मी दिली होती. 'जग समजून घ्यायचं असेल तर हे ऐक' असं वर सांगितलंही होतं. आता त्या पोरीच्या उदास दिवसांना पार्श्वसंगीत मीच पुरवलं होतं, आणि तिचा बाप दोन वर्षं माझ्या चुकीवर उतारा शोधत फिरत होता. त्या संध्याकाळी मी ब्लॉगवरून तुलनात्मक अभ्यास काढून टाकला. वाचक परत चार झाले.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण पुढच्या रविवारी काकांचा फोन अडकला. गाणं सुरू होईना. "दोन मिनिटांत करून देतो," मी म्हणालो. कॉलेजातल्या तीन प्रोजेक्टरांची मी अशीच वाट लावलेली आहे, हे काकांना माहीत नव्हतं. इकडे दाबलं, तिकडे दाबलं, मग 'सर्व उपकरणांवरून बाहेर पडा' असं आलं ते दाबलं. आपण बाहेर पडलो की परत आत येऊ, असा माझा सरळ हिशोब होता. पडद्यावर पासवर्डाची चौकट आली. काकांना पासवर्ड माहीत नव्हता.

काका त्या चौकटीकडे बघत राहिले. "दार लावलं पोरीनं," ते हळूच म्हणाले.

तेव्हाच मी कबूल करायला हवं होतं. पण मी म्हणालो, "कंपनीचंच काहीतरी असेल, होईल आपोआप." काकांनी वही काखेत मारली आणि गेले. चहासुद्धा घेतला नाही.

तीन दिवस त्यांच्या ओट्यावर कोणी बसलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी वर्षाने माझ्या हातातून चहाचा कप काढून घेतला. "त्या दिवशी तुम्ही काय दाबलं होतं?" वडनेरची माणसं सरळ विचारतात. मी सांगितलं. ती म्हणाली, "मग इथं काय करताय?"

काका दार अर्धं उघडं ठेवून बाजेवर बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. ब्लॉगवरची चोरीसुद्धा सांगितली, कारण एकदा कबुली सुरू झाली की मला थांबता येत नाही.

"म्हंजे तिनं नाई काढलं मले?"

"नाही काका. मी काढलं."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "लय चांगलं केलं, मास्तर!" आयुष्यात मी इतकी मोठी चूक करून इतका मान कधी मिळवलेला नाही. मग त्यांचा चेहरा परत उतरला. "पन ते सर्व म्हन्लं ना तुमी? मंग तिकडं ते बी बाहेर पडली असन?"

मी घाईने घड्याळ पाहिलं आणि काढता पाय घेतला.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला निघालो होतो तर काका अनवाणीच ओट्यावर चढले. "नाई म्हने!" ते ओरडले. "मास्तर, पोरगी नाई म्हने!"

होकार आल्यावर लोक पेढे वाटतात. नकार आल्यावर एवढा आनंदलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. वर्षाने त्यांना बसवलं, पाणी दिलं, मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सकाळी सोनलचा फोन आला होता. तिचंही खातं बंद पडलं होतं. पहिलं वाक्य म्हणे, 'बाबा, तुम्ही मला बाहेर काढलं का?'

"मी म्हनलं, मले वाटलं तू मले काढलं. तर म्हने, बाबा, सतरा नंबरचं स्थळ मले पसंत नाई. गोदामवाल्याइले ट्रकवाला शोभत नाई, मकाबाई पाह्यजे होती. म्हंजे ऐकलं ना तिनं, मास्तर? सगळे एकतीस ऐकले! मी म्हनलं, काऊन शोभत नाई? तर म्हने, फोनवर नाई सांगत. दिवाळीले येते, मंग सांगते."

त्यांनी डोळे पुसले, पुसत नसल्यासारखे. मी काळ्या शर्टाची बटणं तपासत बसलो.

मग काकांनी वही उघडली. सतरा नंबरवर लाल पेनाने 'नापसंत' लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. पानं उलटत पार मागे गेले. तिथे जुन्या, जपून काढलेल्या अक्षरात एक माहिती होती. नाव, सोनल. उंची, शिक्षण, मामेकुळ. शेवटी 'अपेक्षा' असं लिहून पुढे सात ओळी: सरकारी नोकरी, पंधरा एकर, एकुलता एक, निर्व्यसनी, आणि असंच आणखी. सातही ओळी काकांनीच लिहिल्या होत्या.

त्यांनी पट्टी मागितली. वर्षाने आमच्या मुलाच्या दप्तरातली आणून दिली. काकांनी सातही ओळींवर एकेक सरळ रेघ ओढली. सावकाश, एकही सोडली नाही. मग पेन माझ्याकडे दिला.

"माह्या हातानं लय लिहून झालं. तुमी लिहा, मास्तर. अपेक्षाच्या पुढं."

"काय लिहू?"

काकांनी पट्टी वर्षाकडे परत दिली.

"लिहा," ते म्हणाले, "तिले इचारून लिहू."