चिमटा लावलेली चिठ्ठी

विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत कपड्यांचे चिमटे टिकत नाहीत. ते सगळे ठोंबरे सरांच्या स्वयंपाकघरात जातात. तिथे भिंतभर खिळे, खिळ्यांवर पाककृतींच्या चिठ्ठ्या. चिठ्ठी उघडी असली तर पदार्थ होणार. दुमडून चिमटा लावला की ब्रह्मदेव जेवायला आला तरी नाही.

सरांनी जन्मभर कॉलेजात पेशी शिकवली. "अहो सेक्रेटरी," ते मला ऐकवतात, "जनुकांचा मूळ ग्रंथ कुलपात असतो. बाहेर येते ती नक्कल केलेली चिठ्ठी. पेशीतला आचारी ती वाचून प्रथिनं रांधतो. पण चिठ्ठी आली म्हणजे पान वाढलं असं नाही! पेशी चिठ्ठीला चिमटा लावून ठेवते. वेळ आली की काढते."

माझ्या नोटिशींनाही ते चिमटे लावून जातात. जाब विचारला, तर म्हणाले, "एरवी तरी कोण वाचतं?"

उन्हाळ्यात टँकर आला नाही, तेव्हा सरांनी पिठलं सोडून सगळ्या चिठ्ठ्या बंद केल्या. "संकटात पेशी जीव वाचवण्यापुरतंच रांधते!" आठव्या दिवशी जिन्यातलं मांजरही पिठल्याचे ढेकर देऊ लागलं.

एक चिठ्ठी मात्र कायमची बंद. सरांच्या पत्नीनं, आमच्या वहिनींनी, जाण्याआधी लिहिलेली शेवटची. मी एकदा चिमट्याला हात लावला, तर सर केवढ्यांदा ओरडले! मग हळूच म्हणाले, "तिची वेळ यायचीय."

गेल्या आठवड्यात त्यांची मुग्धा, हिंजवडीत नोकरी करते ती, बाळाला घेऊन माहेरी आली. मी झबलं द्यायला गेलो, तर घरभर धूर. सर कढईशी झुंजत होते. दोन घाणे करपून बाजूला पडले होते. ओट्यावर ती चिठ्ठी, उघडी.

'मुग्धाच्या बाळंतपणासाठी डिंकाचे लाडू. अहो, डिंक मंद आचेवर तळा. घाई करू नका.'

वहिनींनी ही लिहिली तेव्हा मुग्धा कॉलेजात होती.

"आई अंड्यातच चिठ्ठ्या भरून ठेवते," सर कढईकडे बघत म्हणाले. "मिटलेल्या. जीव धरला की वाचायच्या."

तिसरा घाणा फुलला. लाडू वळले गेले. मुग्धानं एक तोंडात टाकला. सर श्वास रोखून उभे.

"बाबा, गूळ जास्त झालाय."

सरांचा चेहरा पडला.

"आईचाही व्हायचा."

सरांनी चष्मा पुसला, धुरानंच असेल. चिठ्ठी खिळ्याला उघडीच अडकवली आणि रिकामा चिमटा माझ्या हातात ठेवला.

"घ्या. तुमच्याच दोरीवरचा आहे."